फाएन्झाची प्लेट आणि रिमार्क्सचा रकाना

“जुनी आहे की नवी, एवढंच मला सांगा,” मुराता-सान म्हणाल्या आणि त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

आत एक पांढरी प्लेट होती. जेवणाच्या ताटापेक्षा थोडी लहान. मधोमध एका बाईचा चेहरा, एका बाजूने काढलेला, मान जराशी वर. केस पिवळे, गळ्यात निळी माळ. चेहऱ्यामागून एक फीत वळत गेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: सिल्विया बेल्ला. इटालियन भाषेत ‘सुंदर सिल्विया’.

मी टोकियोच्या कोतो वॉर्डात एका टेस्टिंग लॅबमध्ये सीनियर अ‍ॅनालिस्ट आहे. आमचं रोजचं काम रुक्ष असतं. बाहेरून येणाऱ्या कपबशांमधून शिसं सुटतं का, टाइल्स थंडीत तडकतात का, असले प्रश्न. अधूनमधून कोणी जुनी वस्तू घेऊन येतं आणि खरी का खोटी विचारतं. ती कामं माझ्याकडे येतात, कारण माझी पीएच.डी. ग्लेझवर आहे. ग्लेझ म्हणजे चिनी मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर. आपल्या लोणच्याच्या बरणीला असतो तो.

मुराता-सान, ‘सान’ म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘साहेब’, ऐंशीच्या पुढच्या, पाठ मात्र ताठ. ओजिमाच्या सरकारी वसाहतीतून बसने एकट्या आल्या होत्या. मी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी माझं कार्ड दिलं. इथे माझ्या आडनावाची एक गंमत आहे. मी शिंदे. जपानीत ‘शिंदे’ म्हणजे ‘मरून’. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसने सुचवलं होतं की कार्डावर पहिलं नाव टाका, क्लायंट दचकतात. मी नाही म्हणाले. माझ्या बाबांना सही करता येते ती या आडनावापुरतीच. ते कार्डावरून काढून टाकण्यासाठी मी एवढी शिकले नाही.

मुराता-सान दचकल्या नाहीत. कार्ड डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “शुजिन गा शिंदे, इचिनेन देसु.” माझे यजमान जाऊन एक वर्ष झालं. “बघा, तुमचं नाव माझ्या वाक्यात बरोब्बर मधोमध येतं.” त्या हसल्या, म्हणून मीही हसले.

त्यांना खरं काय विचारायचं होतं ते मला अडीच महिन्यांनी कळलं. तुम्हाला आधीच सांगून टाकते. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

त्यांचे यजमान एका ट्रेडिंग कंपनीत होते. तरुणपणी त्यांची तीन वर्षं इटलीत बदली झाली होती. एकट्याची. बायको इथेच, सासू आणि दोन मुलांपाशी. परत येताना त्यांनी ही प्लेट आणली आणि दारातल्या भिंतीवर टांगली. मुराता-सान चाळीसहून जास्त वर्षं ती पुसत होत्या. त्यावर काय लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. यजमानांच्या वर्षश्राद्धाला नात आली. तिने सहज फोनचा कॅमेरा प्लेटसमोर धरला आणि फोनने जपानीत सांगितलं, ‘सुंदर सिल्विया’. सगळे हसले. मुराता-सानही हसल्या.

इथे एक पद्धत आहे. नवरा गेला की थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी जिवंत बायकोचंही नाव कोरून ठेवतात. तिच्या नावात लाल रंग भरतात. ती गेली की रंग काढतात आणि तिच्या अस्थी त्याच्याशेजारी जातात. मुराता-सानचं नाव त्या दगडावर लाल रंगात कोरलेलं होतं. ते तिथे राहू द्यायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. प्लेट जुनी निघाली असती, शेकडो वर्षांपूर्वीची, तर सिल्विया कधीच मरून गेलेली कुणीतरी बाई होती आणि यजमानांनी एक जुनी वस्तू विकत घेतली होती, एवढंच. नवी निघाली, तर मग सिल्विया कोण?

प्लेट यजमानांनी इटलीहून आणलेली, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बाकीचं बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. आमच्या फॉर्मवर ‘चाचणीचा उद्देश’ असा एक रकाना आहे. त्यात मीच ‘मूल्यांकन’ लिहिलं आणि त्यांच्याकडून शिक्का मारून घेतला. इथे सहीच्या जागी आपापल्या नावाचा शिक्का मारतात. मला वाटलं, नवऱ्यामागे घर आवरतायत, विकायची असेल.

चाचणी सोपी होती. आमच्याकडे हेअर ड्रायरसारखं दिसणारं एक यंत्र आहे. ते ग्लेझवर टेकवून एक्स-रे सोडायचे. आतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या पद्धतीने उत्तर देतं आणि स्क्रीनवर उंचवटे उमटतात. प्लेटला ओरखडासुद्धा पडत नाही.

मी कथील शोधत होते. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, ते कथील. फाएन्झा नावाचं एक लहान शहर उत्तर इटलीत आहे. तिथल्या कुंभारांनी पाचशे वर्षांपूर्वी शिशाच्या ग्लेझमध्ये कथील घालून असा काही दाट पांढरा रंग काढला की युरोपभर त्यांचं नाव झालं. खालची माती साधी, पिवळट. पण वरून दुधासारखा पांढरा थर. पुढेपुढे तर त्यांनी चित्रं मुद्दाम कमी केली. एखादी आकृती, चार फटकारे, बाकी सगळं पांढरं मोकळं सोडायचं. लोक तो पांढराच बघायला घेत. आपल्याकडे पैठणवरून पैठणी झाली, तसं फाएन्झावरून फ्रेंच लोकांनी अशा सगळ्याच भांड्यांना ‘फायान्स’ म्हणायला सुरुवात केली. शहराचं नाव वस्तूला लागलं.

मुराता-सानच्या प्लेटमध्ये कथील नव्हतं. त्या जागी झिर्कोनियमचा उंचवटा होता, चांगला ठसठशीत. झिर्कोनियम घालून ग्लेझ पांढरं करायची रीत गेल्या शतकातली, कारखान्यांची. बाथरूमच्या टाइल्सचा पांढरा असतो तो. तो मी लांबून ओळखते. माझे बाबा सांगलीत लोकांच्या घरी फरशा बसवायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या कामावर जाऊन बसायचे, आणि फुटलेल्या पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांवर पाढे लिहायचे.

बाबा प्रत्येक टाइल बसवण्याआधी बोटाने टिचकी मारून बघत. आतून तडा असेल तर आवाज बद्द येतो. ते फक्त ‘वाजते’ किंवा ‘वाजत नाही’ म्हणत आणि टाइल इकडे किंवा तिकडे ठेवत. घरमालक विचारायचे, ही किती वर्षं टिकेल हो? बाबा म्हणायचे, ते मला नाही माहीत, मी नुसती वाजवून बघितली. मला लाज वाटायची. वाटायचं, बाबा शिकलेले असते तर व्यवस्थित उत्तर दिलं असतं.

मी शिकले. सांगलीत बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी., इथे पीएच.डी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि मिरवण्यासारखं आहे असं मला अजूनही वाटतं. पण त्यातून मला एक सवय लागली. विचारलेल्यापेक्षा थोडं जास्त सांगायचं. समोरच्याला कळलं पाहिजे की आपण वाचलेलं आहे.

मी त्या आठवड्यात फाएन्झावर पुष्कळ वाचलं. त्यात मला या चेहऱ्यांच्या प्लेट्सचा इतिहास सापडला. त्या काळात तरुण मुलगा आपल्या प्रेयसीचा किंवा होणाऱ्या बायकोचा चेहरा प्लेटवर रंगवून घ्यायचा, फितीवर तिचं नाव आणि पुढे ‘बेल्ला’, आणि ती प्लेट तिला भेट द्यायचा. मला हे फार आवडलं. लंच अवरमध्ये मी त्यावरचं जे मिळेल ते वाचत होते. दुसऱ्या महायुद्धात तिथलं सिरॅमिक्सचं संग्रहालय बॉम्बखाली सापडलं होतं. लोकांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचले आणि ते टाकून न देता जपून ठेवले, पुढे जोडता येतील म्हणून. जगभरातून लोकांनी नवी भांडी पाठवून संग्रहालय पुन्हा उभं केलं. हे सगळं रिपोर्टमध्ये घालता येणार नव्हतं, म्हणून हळहळ वाटत होती.

रिपोर्ट दोन पानांचा झाला. निष्कर्ष एक ओळ: ग्लेझ विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं आहे. खाली ‘रिमार्क्स’चा रकाना. तो बहुतेक वेळा रिकामा जातो. मी त्यात लिहिलं: ‘फाएन्झाच्या परंपरेत अशा नावाच्या प्लेट्स प्रिय स्त्रीसाठी बनवून घेत. ही प्लेटही विशिष्ट व्यक्तीसाठी ऑर्डर देऊन बनवून घेतलेली असण्याची शक्यता जास्त आहे.’

रिपोर्ट सहीसाठी नाकागावा-सानकडे गेला. ते आमचे डिपार्टमेंट हेड. कमी बोलणारे, सभ्य. त्यांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली आणि बराच वेळ तिथेच ठेवली.

“शिंदे-सान, ही ओळ लागेल का?”

मी म्हणाले, हो, लागेल. क्लायंट वयस्कर आहेत, त्यांना नुसतं झिर्कोनियम सांगून काय कळणार? थोडा संदर्भ दिला तर त्यांना समाधान वाटेल. मी पाच मिनिटं बोलले. नाकागावा-सान मान हलवत राहिले. मग म्हणाले, “असं होय,” आणि शिक्का मारला.

जपानी ऑफिसमध्ये ‘ही ओळ लागेल का’ हा प्रश्न नसतो. त्याचा अर्थ ‘काढा’ असा असतो. पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलाही हे कळतं. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली होती. मला तो प्रश्न वाटला आणि मी त्याचं उत्तर दिलं.

मुराता-सान रिपोर्ट घ्यायला आल्या तेव्हा मी तयारीत होते. जुन्या प्लेटचा एक फोटो प्रिंट करून ठेवला होता. त्यांना बसवलं, चहा दिला. आधी सांगितलं की प्लेट नवी आहे, म्हणजे फार तर पन्नास-साठ वर्षांची. त्यांनी मान हलवली. मग फोटो समोर ठेवून मी तो सगळा इतिहास सांगितला. तरुण मुलगा, प्रेयसी, फीत, नाव. माझं जपानी त्या दिवशी छान चाललं होतं. एकही शब्द अडला नाही.

त्यांनी एकदाच मध्ये थांबवलं.

“म्हणजे ही दुकानातून घेतलेली नाही?”

“नसावी. नाव आहे ना तिच्यावर.”

“ऑर्डर देऊन.”

“हो. तशीच शक्यता जास्त.”

त्यांनी फोटोतल्या प्लेटकडे पाहिलं, मग आपल्या प्लेटकडे. मला वाटलं, किमतीचा विचार करतायत. म्हणून मी धीर द्यायला म्हणाले की अँटिक नाही, पण तुमच्या यजमानांना कोणी फसवलेलं नाही, त्यांनी ती अँटिक म्हणून घेतलीच नसणार. त्या म्हणाल्या, “नाही. त्यांना कोणी फसवलेलं नाही.” मग उठून खूप खाली वाकल्या. फडकं पसरलं, प्लेट मधोमध ठेवली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. लिफ्टपर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाल्या, “शिंदे-सान, तुम्ही खूप नीट समजावून सांगता.”

त्या रविवारी मी बाबांना व्हिडिओ कॉलवर हे कौतुक सांगितलं.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण प्लेटच्या मागे, बैठकीच्या कडेला, कुंभाराची खूण होती: एक छोटी गोगलगाय. मला ती स्वस्थ बसू देईना. आमच्या कंपनीचं एक क्लायंटसाठीचं पत्रक निघतं, त्यात या प्लेटवर लेख लिहायचा माझा विचार होता. मी फाएन्झातल्या कुंभारांच्या संघाला ईमेल केली, फोटो जोडले आणि विचारलं, ही खूण कोणाची? जमल्यास ही प्लेट कोणासाठी बनवली होती तेही कळवा.

दोन महिने काही आलं नाही. मग एक लांबलचक ईमेल आली, मोडक्या इंग्रजीत. लिहिणाऱ्या बाईंचं नाव मार्तिना. गोगलगाय ही त्यांच्या सासऱ्यांची खूण. वर्कशॉप आता बंद आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या भागात पुराचं पाणी शिरलं, त्यात जुन्या वह्या, साचे सगळं गेलं, म्हणून उत्तराला उशीर झाला, माफ करा. पण प्लेट बघून डोळ्यांत पाणी आलं, कारण घरात तशी एकही उरलेली नाही.

पुढचा परिच्छेद मी तीनदा वाचला. तो असा होता: ‘या प्लेट्स आम्ही शेकड्यांनी बनवायचो. चेहरा सगळ्यांवर एकच. माझे सासरे तो डोळे मिटून काढायचे. फक्त नाव बदलायचं. सिल्विया, लाउरा, आन्ना, पाओला. दुकानात ओळीने टांगलेल्या असायच्या. इटालियन माणसं नाव शोधून घ्यायची. परदेशी माणसांना नाव वाचता यायचं नाही, ती रंग बघून घ्यायची. कितीतरी जणांना ते चित्रकाराचं नाव वाटायचं. ही कोणी आणि कोणासाठी घेतली ते मला सांगता येणार नाही.’

मी रिपोर्टची फाइल काढली. निष्कर्ष बरोबर होता. झिर्कोनियम बरोबर होतं. रिमार्क्समधली ओळ चूक होती. तपासलेलं नसताना लिहिलेली. तरी मला तेव्हा फार काही वाटलं नाही, खरं सांगते. प्लेटच्या किमतीत याने फरक पडत नव्हता. एक दुरुस्ती, एक दिलगिरी, संपलं. मुराता-सान माझ्याच वाटेवर राहायच्या. मीही ओजिमालाच राहते. शनिवारी सकाळी ईमेलचं जपानी भाषांतर प्रिंट करून, बिस्किटांचा एक डबा घेऊन मी गेले.

त्यांनी दार उघडलं. दारातच समोरच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्याच्याखाली भिंतीचा एक गोल, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. आत खोलीत कोपऱ्यात यजमानांचा देव्हारा होता. जपानी घरात गेलेल्या माणसांचा असा लाकडी देव्हारा असतो. सकाळी त्याची दारं उघडून भात आणि चहा ठेवतात. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि दारं बंद होती.

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतला. हळूहळू वाचत होत्या. मी चहाकडे बघत होते. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

“चेहरा सगळ्यांवर एकच,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि ती दुकानात टांगलेली होती.”

मी म्हणाले, हो, माझी चूक झाली, ऑर्डरची नव्हती, सुधारित रिपोर्ट देईन. प्लेट दोन दिवसांसाठी मिळाली तर खुणेचा नीट फोटो काढून तोही जोडीन.

“प्लेट नाही,” त्या म्हणाल्या. “न जळणाऱ्या कचऱ्यात गेली.”

आमच्या वॉर्डात न जळणारा कचरा महिन्यातून दोनदा उचलतात. काच, चिनी माती वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि वर ठळक ‘धोका’ असं लिहायचं, उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. मुराता-साननी प्लेट टॉवेलमध्ये ठेवून हातोडीने फोडली होती. अख्खी ठेवली असती तर कोणीतरी वाटेतून उचलून नेली असती आणि आपल्या भिंतीवर लावली असती. मग गुंडाळून वर ब्रशने ‘धोका’ लिहिलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या पूर्वी शाळेत सुलेखन शिकवायच्या.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. नातीचा फोन, वर्षश्राद्ध, दगडावरचं लाल नाव. रडल्या वगैरे नाहीत. हिशोब समजावून सांगावा तसं एकेक. माझा रिपोर्ट नेल्यावर त्यांनी पंधरा दिवस जाऊ दिले. मग दगडवाल्याला बोलावलं आणि आपलं नाव घासून काढायला लावलं. त्याने तीनदा विचारलं, नक्की ना? दगड पुन्हा भरता येत नाही. दुसऱ्या एका स्मशानभूमीत, एका झाडाखाली अनोळखी लोकांच्या अस्थी एकत्र ठेवतात, तिथे त्यांनी आपली जागा नोंदवून टाकली होती. मुलांना अजून सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, मला हे काहीच माहीत नव्हतं.

“मी सांगितलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वयाच्या मुलीला काय सांगायचं?”

खालच्या मैदानात कोणीतरी क्रिकेट खेळत होतं, हिंदी आणि जपानी मिसळून आरडाओरडा चालला होता. मुराता-साननी कागदाची घडी घातली.

“शिंदे-सान, मग ही सिल्विया होती की नव्हती?”

“वाकारिमासेन,” मी म्हणाले. मला माहीत नाही. “चाचणीतून ते कळतच नाही.”

“हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

उत्तराची वाट न बघता त्या पुढे म्हणाल्या, “अँटिकच्या दोन दुकानांत मी आधी गेले होते. दोघांनी दोन अंदाज सांगितले. मग मला वाटलं, लॅबमध्ये जावं. लॅब अंदाज करत नाही.”

मी भीतभीत म्हणाले की दगडाच्या दुसऱ्या बाजूला नाव पुन्हा कोरता येईल, किंवा नवा दगड. त्या म्हणाल्या, येईल. “पण काय म्हणून कोरू? आधी मला माहीत होतं. मग दुसरंच माहीत होतं. आता काहीच माहीत नाही.” त्या उठल्या. मला वाटलं देव्हाऱ्याकडे जातायत. त्या माझ्या कपात आणखी चहा ओतायला उठल्या होत्या.

सोमवारी मी सुधारित रिपोर्ट लिहायला घेतला. आमच्या पद्धतीत चूक सुधारली की जुना कागद फाडत नाहीत, ‘रिव्हिजन १’ म्हणून नवा काढतात आणि दोन्ही फाइलला लावतात. ‘नमुन्याची सद्यस्थिती’ या रकान्यात आम्ही नेहमी ‘क्लायंटला परत’ लिहितो. मी लिहिलं, ‘अस्तित्वात नाही.’ निष्कर्ष तोच ठेवला. रिमार्क्समधली जुनी ओळ काढली आणि तिथे लिहिलं: ‘ही प्लेट कोणी, कोणासाठी घेतली, हे या चाचणीतून सांगता येत नाही.’

नाकागावा-साननी रिपोर्ट वाचला. पेन्सिल त्या ओळीवर टेकवली.

“शिंदे-सान, ही ओळ लागेल का?”

या वेळी मला तो प्रश्न काय आहे ते बरोबर कळलं होतं.

“लागेल,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी या वेळी पाच मिनिटं बोलले नाही. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि शिक्का मारला.

बाबांना मी पुढच्या रविवारी सगळं सांगितलं. जपानमधल्या दगडाचं वगैरे मला त्यांना नीट समजावता आलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, बाईनं काय विचारलं होतं? मी म्हणाले, जुनी का नवी. ते म्हणाले, “मग नवी म्हणायचं, बाळा.” त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच पुढचं काही सुचलं नव्हतं.

सुधारित रिपोर्ट मी पोस्टाने पाठवला, सोबत पोचपावती. क्लायंटने त्यावर आपला शिक्का मारून परत पाठवायची असते. बरेच लोक पाठवत नाहीत. मुराता-सानची चौथ्या दिवशी आली. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. खालच्या चौकोनात, कुठेही न फाकता, सरळ, त्यांचं नाव उमटलेलं होतं. शिक्क्यावर आडनाव असतं, आणि ते यजमानांचंच. शाई नेहमीचीच, लाल.

ती पावती दोन्ही रिपोर्टांच्या मागे लावलेली आहे. लॅबमध्ये नवीन कोणी आलं की मी ती फाइल वाचायला देते. नंतर एवढंच सांगते, की रिमार्क्सचा रकाना रिकामा सोडला तर कोणी पगार कापत नाही.